बटणाचा फोन घेऊ का?

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आलंय. घर जिल्ह्याच्या डोंगरी भागात, शिक्षण कोल्हापुरात. राजारामपुरीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चौघीजणी कॉट बेसिसवर राहतात. दिवसभर विद्यापीठात लेक्चर आणि प्रॅक्टिकल, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिका, नऊला मेस, साडेदहाला खोलीतला दिवा बंद, कारण चौघींपैकी एक पहाटे उठून कामाला जाते. दिवा गेला की ही पांघरुणात फोन उघडते. तो बाजूला पडतो तेव्हा दीड-दोन वाजलेले असतात. गजर सातचा. आता डोळ्यांची आग होते, संध्याकाळी कपाळ ठणकतं, मान आखडते, उजवा अंगठा दुखतो, दुपारच्या लेक्चरला डुलक्या येतात. मागच्या सत्रात गुणही घसरले. फोनमध्ये रोजचे सरासरी साडेसात तास दिसतात आणि ते बघून तिला स्वतःचीच लाज वाटते. निळा प्रकाश अडवणारा ब्लू कट चष्मा मागवून झाला, इन्स्टाग्राम काढून टाकून पुन्हा घेऊनही झालं. रूममेट म्हणते, तुला अ‍ॅडिक्शन झालंय. आई म्हणते, फोन उशाशी घेऊन झोपतेस, डोक्यात गाठ होईल. वडील म्हणतात, एवढा नाद बरा नव्हे, दिवाळीला आलीस की हा फोन इथंच ठेव, बटणाचा घेऊन देतो. (वडील स्वतः जेवताना कुस्त्यांचे व्हिडिओ बघतात, हे तिनं कंसात लिहिलंय.) तिचा प्रश्न असा: 'बटणाचा फोन घेतला तर मी यातून सुटेन, की वर्गापासूनच तुटेन? आणि माझा माझ्यावर ताबाच राहिलेला नाही, हे खरं मानायचं का?'

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या साडेसात तासांचं बघू, कारण तुझी सगळी लाज त्या आकड्याला चिकटलीय. फोनच्या सेटिंगमध्ये जिथं हा आकडा दिसला तिथंच अ‍ॅपवार फोड असते. ती एकदा शांतपणे बघ. सरांनी ग्रुपवर टाकलेल्या नोट्स त्यात आहेत. अभ्यासिकेत बघितलेले राज्यघटनेचे व्हिडिओ आहेत. आईशी झालेला व्हिडिओ कॉल, मेसवाल्या काकूंना पाठवलेले पैसे, केएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या चाळलेल्या बातम्या, सगळं त्यातच आहे. दिवसाचे आठ तास कागद हाताळतो म्हणून तलाठ्याला कुणी कागदाचा नादी म्हणत नाही. तुझ्या साडेसात तासांतले तीन-चार तास सरळ कामाचे निघतील असा माझा अंदाज आहे, आणि ते कमी करायची काही गरज नाही.

आता वेळेचा दुसरा हिशोब मांडू. दीडला झोपलीस आणि सातला उठलीस तर झोप झाली साडेपाच तास. अठरा ते पंचवीस या वयाला सात ते नऊ तास लागतात. कमीत कमी सात धरले तरी रोज दीड तास कमी पडतो. सोमवार ते शुक्रवार मिळून साडेसात तास. म्हणजे शनिवार उजाडेपर्यंत आठवड्यातली एक अख्खी रात्र गायब झालेली असते. काळजी करायचीच असेल तर या साडेसात तासांची कर.

दुपारच्या डुलक्या, वाचलेलं डोक्यात न राहणं, जड डोकं, चिडचिड, घसरलेले गुण, या यादीतलं बरंचसं नुसत्या अपुऱ्या झोपेनं होतं. रात्रभर जागून भेळेची गाडी चालवणाऱ्यालाही हेच होतं, त्याच्याकडे फोन असो वा नसो.

रूममेटनं दिलेलं निदानही जरा तपासून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत गेमिंगचा विकार आहे, मोबाइलचं व्यसन असा आजार नाही. गेमिंगच्या बाबतीतसुद्धा ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं आणि त्यापायी घर-शिक्षण-कामात ठळक बिघाड होणं, हे साधारण वर्षभर दिसल्याशिवाय डॉक्टर ते नाव देत नाहीत. फोनचा त्रास खोटा असतो असं मी म्हणत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून खास याच तक्रारींसाठी 'शट' नावाचं क्लिनिक चालतं, तिथं तुझ्या वयाची मुलं येतात. पण प्रॅक्टिकल न चुकवणारी, रोज अभ्यासिकेत जाऊन बसणारी मुलगी रात्री दोनपर्यंत रील्स बघते म्हणून तिच्यावर व्यसनाचा शिक्का मारायची मला घाई नाही. एकदा तो शिक्का बसला की माणूस प्रयत्नच सोडतो: 'मला अ‍ॅडिक्शन आहे, मी काय करणार.'

शिवाय तुझ्या पत्राच्या मागच्या पानावर, ताज्या कलमासारखी, एक ओळ आहे: 'गावी गेले की फोन दिवस दिवस फडताळावर पडून असतो, आठवणही होत नाही.' मला सगळ्या पत्रात हीच ओळ महत्त्वाची वाटली आणि तू ती सहज लिहून पुढं गेलीस. ताबा सुटलेल्या माणसाचा ताबा गावच्या एसटीत बसल्यावर परत येत नाही. मग गावी असं काय आहे जे खोलीत नाही?

गावी माणसं आहेत, हे एक. पण मला वाटतं, दुसरं कारण मोठं आहे. गावी हवं तेव्हा एकटं होता येतं. परड्यात जाऊन बसलीस तर कुणी विचारत नाही. राजारामपुरीत तुझी खोली चौघींची, संडास-बाथरूम चौघींचं, आरसा चौघींचा. विभागात सर-मॅडम, अभ्यासिकेत हाताला हात लागेल इतक्या जवळच्या टेबलावर दुसरी कुणी, मेसमध्ये रांग. सकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत 'आता माझं मी' असा एकही तुकडा तुझ्या दिवसात मला सापडला नाही. दिवा दुसरीच्या सोयीनं बंद होतो आणि मग पांघरुणाच्या आत, त्या सहा इंचाच्या काचेवर, पहिल्यांदा तुझ्या मर्जीचं काहीतरी सुरू होतं. ते तू दीड वाजेपर्यंत ताणतेस यात मला काहीच विचित्र वाटत नाही. अडवणारं काही नसताना माणसं झोप पुढं का ढकलतात, यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये पहिल्यांदा नीट अभ्यास मांडला, तेव्हापासून हा विषय बराच पुढं गेलाय. दिवस ज्यांच्या हातात नसतो ती माणसं रात्रीतून वेळ काढतात, असं आता अनेकजण सांगतात. तान्ह्या बाळांच्या आया हे करतात, शिफ्टवरचे कामगार करतात.

त्यात फोनची स्वतःची गोम आहेच. कादंबरीचं प्रकरण संपतं, मालिकेत 'क्रमशः' येतं. रील्सना शेवट ठेवलेलाच नाही. थांबायची जागा मुद्दाम काढून टाकलेल्या गोष्टीपुढं 'मला थांबता येत नाही' म्हणून स्वतःला दोष देणं मला तरी अन्यायाचं वाटतं. आणि आपल्याकडे आणखी एक गंमत आहे, तुझ्या पत्रात ती नाही पण चारही खाटांवर चालत असणार. रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज. रात्री अकराला लक्षात येतं की आज निम्माच वापरलाय. पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे म्हणून बारापर्यंत तो संपवायचा. आणि बाराला नवा कोटा सुरू! ताटात टाकायचं नाही ही आपली सवय पानावर चांगली असते. डेटा उरला तर उरू दे.

म्हणून माझा पहिला सल्ला फोनबद्दल नाहीच. पाचला विभागातून सुटल्यावर आणि अभ्यासिकेत शिरण्याआधी पाऊण तास काढ आणि तो कुणालाही देऊ नकोस. विद्यापीठाचा परिसर आठशे एकरांहून मोठा आहे, झाडी आहे, तळी आहेत, नशीब असेल तर मोर दिसतो. तुमच्यापैकी बहुतेकजण गेट ते विभाग आणि विभाग ते गेट एवढाच तो बघतात. तिथं हिंड. नाहीतर खर्डेकर ग्रंथालयात जाऊन अभ्यासाशी अजिबात संबंध नसलेलं काहीतरी वाच. रील्सच बघायच्या असतील तर त्याच पाऊण तासात, कट्ट्यावर बसून, उजेडात, लाज न बाळगता बघ. दिवसा पोट भरलं की रात्रीची वखवख कमी होते. 'ताई, पाऊण तास अभ्यासाचा जाईल' असं म्हणशील. डुलक्यांत आत्ता जातोय तो किती आहे, तेही मोज.

दुसरा सल्ला: दिवाळीची वाट न बघता डोळे तपासून घे. तुझ्या दोन पानी पत्रात डोळ्यांची आग आहे, कपाळाचं ठणकणं आहे, मागवलेला चष्मा आहे, आणि डॉक्टर कुठंच नाही. घरच्यांनी, रूममेटनं, तू स्वतःही सगळं फोनच्या माथी मारून टाकलं आणि तपासणी राहून गेली. हे मला फार दिसतं. फोन इतका सोयीचा गुन्हेगार आहे की दुसरं कारण कुणी शोधतच नाही. संध्याकाळी कपाळ दुखणं हे न सापडलेल्या नंबरचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या, डोळ्यांच्या विभागात दाखव किंवा विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात विचार. ब्लू कट चष्म्याचं म्हणशील तर २०२३ मध्ये अशा काचांवरच्या सतरा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. स्क्रीनमुळं डोळ्यांना येणारा शीण त्यांनी कमी होतो, असं काही त्यात दिसलं नाही. पैसे गेले असं समजू नकोस. नंबर निघालाच तर बहुतेक दुकानदार त्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसवून देतात.

आग होण्याचं कारण मात्र फोनशी जोडलेलं असू शकतं. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं, डोळ्यावरचा ओलावा वाळतो आणि चुरचुरायला लागतं. पांघरुणात, डोळ्यापासून वीतभर अंतरावर फोन धरला की त्यात जवळ बघण्याचा ताण मिसळतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडं बघायचं, असं डॉक्टर सांगतात. वीसचाच आकडा का, याला फार मोठा पुरावा नाही. सोपा आहे, लक्षात राहतो, फुकट आहे. अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा धरलीस तर समोरच्या गच्चीवरच्या टाकीकडं बघितलं तरी चालतं.

डोळ्यांबरोबर रक्तही तपास. हिमोग्लोबिन. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्के जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणजे तुमच्या खोलीतल्या चौघींपैकी दोघींना असण्याची शक्यता चांगलीच आहे. थकवा, डोकं दुखणं, लक्ष न लागणं ही त्याचीही लक्षणं. उशिरा उठून तू सकाळी काय खातेस? माझ्या अंदाजानं चहा आणि खारी. मेसची पालेभाजी खाल्ल्याबरोबर वर चहा पीत असशील तर तेही सोड, जेवणातलं लोह चहामुळं कमी शोषलं जातं. संध्याकाळी अभ्यासिकेच्या दारातला सात-आठचा चहाही जरा अलीकडं आण. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात.

मानेबद्दल थोडक्यात. मान साठ अंशात वाकवली की तिच्यावर सत्तावीस किलोचा भार येतो, हे चित्र तू फॉरवर्डमध्ये नक्की बघितलं असशील. ते न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या डॉक्टरनं २०१४ मध्ये संगणकावर मांडलेलं गणित आहे, माणसांच्या माना मोजून काढलेला आकडा नव्हे. वाकण्यापेक्षा तासन् तास एकाच अवस्थेत राहणं मानेला जास्त बाधतं. कूस बदल, ऊठ, खांदे फिरव. अंगठ्यासाठी लांब मेसेज बोलून पाठव आणि फोन दुसऱ्या हातात घे. मनगटाच्या कडेला दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं तर मात्र दाखव, तिथं अंगठ्याच्या स्नायूच्या दोरीला सूज येते आणि नुसत्या बामानं ती जात नाही.

आईला सांग, गाठीची भीती सोड. मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात २०११ मध्ये टाकलं गेलं होतं, तिथून ही धास्ती पसरली. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनंच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात, २०२४ मध्ये, मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. तरी फोन उशाखालून काढ हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली तापतो, आणि तो तिथं असेपर्यंत तू झोपणार नाहीस.

झोपेच्या बाबतीत निळ्या प्रकाशाचा फार बाऊ झालाय, असं माझं मत आहे. प्रकाशानं मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबतं हे खरं. पण झोपण्याआधी चार-चार तास उजळ पडद्यावर वाचन करायला लावलं तेव्हा माणसांना छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. तुझे तीन तास प्रकाशामुळं जात नाहीत, त्या पडद्यावर जे चाललंय त्यामुळं जातात. स्क्रीन पिवळी करून त्याच रील्स बघितल्या तर पिवळ्या रंगात जागरण होईल.

आता वडिलांच्या प्रस्तावाकडं येते. मी तो हसण्यावारी नेत नाही. फोनचे हप्ते त्यांनी भरलेत, आणि पोरगी चार दिवस घरी येते ती डोळ्यांखाली काळं घेऊन, हे त्यांना दिसतं. त्यांच्या हातात दुसरं काय आहे? पण बटणाच्या फोनवर तुझा अभ्यासक्रम चालणार नाही. परीक्षेची सूचना ग्रुपवर येते, फॉर्म ऑनलाइन, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी ऑनलाइन, नोट्स पीडीएफमध्ये. दोन दिवसांत तू रूममेटचा फोन मागायला लागशील, पंधरा दिवसांत तिला कंटाळा येईल आणि महिन्यात दुसरा स्मार्टफोन येईल, बहुधा वडिलांना न सांगता. घरच्यांशी लपवाछपवी सुरू झाली तर ती फोनपेक्षा महाग पडेल. शिवाय बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हातातली वस्तू काढून घेऊन लागलेली शिस्त, वस्तू परत आली की जाते. इन्स्टाग्राम काढून टाकल्यावर तेच झालं ना? तिथं सोडलेली रिकामी जागा कशानं भरायची ते ठरलेलं नव्हतं.

त्यापेक्षा एवढंच ठरव की फोन खाटेवर येणार नाही. बाकी दिवसाचं काही बदलू नकोस, निदान सुरुवातीला. चार्जर दाराजवळच्या बोर्डाला लाव, जिथं खाटेवरून हात पोचत नाही. अंधारात उठून, चपला शोधून, कुणाच्या तरी बादलीला पाय लावून फोन आणावा लागला की अर्ध्या वेळा माणूस उठत नाही. अ‍ॅपवर लावायच्या टायमरवर माझा विशेष भरवसा नाही. 'आणखी पंधरा मिनिटं' हे बटण त्यांनीच तिथं ठेवलेलं असतं.

दोनवरून एकदम साडेदहावर यायला जाऊ नकोस, नुसती कूस बदलत पडशील आणि तिसऱ्या रात्री फोन परत पांघरुणात. आधी दीड, मग सव्वा, मग एक, अशी दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडं ये. उठायची वेळ मात्र रविवारीही सातचीच ठेव. अंधारात शांतता खायला उठत असेल तर दारापाशी ठेवलेल्या फोनवर, मैत्रिणींची हरकत नसेल तर, हळू आवाजात काहीतरी लाव आणि अर्ध्या तासाचा स्लीप टायमर दे. ऐकता ऐकता डोळा लागतो, बघता बघता लागत नाही.

हे एकटीनं करणं कठीण जाईल हे मी आधीच सांगते. शेजारच्या खाटांवर चेहरे उजळलेले असताना आपण भिंतीकडं तोंड करून पडायचं हे सोपं नाही. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतात. भोंग्यात काही जादू नाही. सगळ्यांचे एकाच वेळी बंद होतात, त्यामुळं आपलंच काहीतरी चुकतंय असं कुणाला वाटत नाही, एवढंच. तुमची खोली दहा बाय बाराची, तिथं भोंगा नको. एखाद्या रविवारी मिसळ खायला बसलात की विषय काढ: अकरानंतर चौघींचे फोन दारापाशी. उपदेशाच्या सुरात नको, 'मला जमत नाहीये, मदत करा' अशा सुरात. पहाटे उठणारी तर लगेच हो म्हणेल, तुमच्या उजेडानं तिची झोप मोडतच असणार. एखादी नाही म्हणाली तर तिला सोडा, तिघींवर चालतं.

अभ्यासिकेत फोन टेबलावर पालथा ठेवण्यापेक्षा बॅगेत, चेन लावून ठेव. समोर नुसता पडलेला फोनसुद्धा लक्ष खातो, असं टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये म्हटलं. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं आढळलं नाही, पण करून बघायला काय जातं. नोटिफिकेशन सगळी बंद करू नकोस. एका प्रयोगात ज्यांची सगळीच बंद केली त्यांची बेचैनी वाढली, आणि ज्यांना ती दिवसातून तीन वेळा गठ्ठ्यानं मिळाली त्यांना बरं वाटलं. वर्गाचा ग्रुप आणि घर एवढं चालू ठेव, बाकीचं दुपारी आणि संध्याकाळी बघ.

हे वाचणाऱ्या इतर मुलामुलींसाठी, आणि आईवडिलांसाठीही, एक वेगळी गोष्ट इथंच सांगते, कारण सगळ्यांची रात्र या मैत्रिणीसारखी साधी नसते. फोनवर पैसे लावायचे गेम चालू असतील आणि उधारी झाली असेल. कुणी फोटोवरून किंवा चॅटवरून धमकावत असेल. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल आणि ते विसरायला फोन लागत असेल. तर हे चार्जर दारापाशी नेण्याचं प्रकरण नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारची सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. धमकीचा मामला असेल तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन कर किंवा पोलिसांकडं जा, पैसे भरून विषय मिटत नाही. आणि पालकांनी अशा वेळी फोन काढून घ्यायची घाई करू नये. पुरावा त्यातच असतो आणि मुलाची मदत मागायची वाटही.

मैत्रिणी, तू विचारशील, फोन दारापाशी ठेवला तर गजराचं काय? आणि रात्री घरून काही बरंवाईट कळवायला फोन आला तर? हे बहाणे नाहीत, चौघीही हेच म्हणतील. म्हणून वडिलांना नाही म्हणू नकोस. त्यांना सांग, बटणाचा फोन घ्या, मला हवाच आहे. त्यात दुसरं सिम घाल, तो नंबर फक्त घरी दे, गजर त्यातच लाव आणि तो खुशाल उशाशी ठेव. स्मार्टफोन दारापाशी राहील. वडिलांचा शब्द राहिला, आईचा कॉल कधीही लागेल, आणि वर्गाचा ग्रुपही सुटला नाही. त्यांनी विचारलं, मग हा मोठा फोन कशाला, तर त्यांना खरं सांग, की दिवसा लागतो आणि रात्री मी तो लांब ठेवते. स्क्रीन टाइमचे फोटो काढून त्यांना पाठवत बसू नकोस, तू कुणाला हजेरी देत नाहीयेस. डोळ्यांचा आणि रक्ताचा रिपोर्ट मात्र दोघांना दाखव, कारण त्यात काही निघालं तर खर्चाचं त्यांच्याशीच बोलावं लागेल.

त्या बटणाच्या फोनचा रिचार्जही त्यांनाच भरू दे. तो छोटा असतो, आणि हौस त्यांची आहे.